दाणा चिमणीचा, मेजवानी घुशीची

उन्हाळा तोंडावर आलाय. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस. त्या दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर चिऊताईचे फोटो फिरणार, एनएसएसची पोरं मातीची भांडी वाटणार आणि बर्डीतल्या कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावरच्या रूमवर कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली घेऊन, तिला भोकं पाडून, त्यात लाकडी चमचे खुपसून ती गॅलरीच्या ग्रिलला टांगणार. रील होईल, लाइक येतील. चार-आठ दिवसांत पाहुणेही येतील. त्यात चिमणी असेलच याची मात्र खात्री नाही.

आधी येतील पारवे, म्हणजे आपण ज्यांना सरसकट कबुतरं म्हणतो ते. त्यांनी खाली सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतील. गल्लीतल्या गटारात घुशी आहेतच, त्यांनाही वास लागेल. मग एक दिवस खालच्या मजल्यावरून काकूंचा आवाज येईल, ‘‘काहून बे पोट्टेहो, कबुतरं पोसून राहिले का वरते? माह्ये पापड वाळू घातले होते न इथं!’’ आणि एक तारखेला भाडं घ्यायला आलेले रूममालक काका नोटा मोजता मोजता गॅलरीकडेही एक नजर टाकतील. ती नजर ओळखीची असेल, तर पुढचं सांगायला नको.

मग काय, पक्ष्यांना घालूच नये? घालावं की. फक्त दाणा ठेवताना आपण आमंत्रण कुणाला देतोय, ते आधी ठरवावं. ज्वारीच्या दाण्यावर ‘फक्त चिमण्यांसाठी’ असं लिहिलेलं नसतं. जो आधी पोहोचेल आणि ज्याला जास्त धक्काबुक्की जमेल, त्याचा तो.

(‘बर्डी’चा ‘बर्ड’शी काही संबंध नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन यदुवंशी भावांच्या नावांवरून शीतलाबद्री आणि त्याचं पुढे सीताबर्डी झालं, असं सांगितलं जातं. तरी हा जोक प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी मारतोच.)

काँक्रीटचे कडे

बर्डी जरा पक्ष्याच्या नजरेनं बघा. मधोमध किल्ल्याची टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची आणि इंग्रजांची फौज इथंच भिडली होती. टेकडी लष्कराच्या ताब्यात, त्यामुळे तिथली झाडी टिकून आहे. एका अंगाला महाराजबाग, दुसऱ्या अंगाला रेल्वे स्टेशन. आणि या हिरव्या तुकड्यांच्या मधे मेन रोडची दुकानं, मेट्रोचं अवाढव्य इंटरचेंज, जुन्या इमारतींच्या गच्च्या, होर्डिंगचे सांगाडे, एसीच्या डब्यांमागच्या फटी.

पारवा मूळचा कडेकपारीतला पक्षी. डोंगराचे कडे, किल्ल्यांच्या भिंती, जुन्या विहिरींच्या कपारी ही त्याची घरं. त्याच्या लेखी बर्डीतली प्रत्येक इमारत म्हणजे एक कडा आणि प्रत्येक एसीमागे एक तयार कपार. राहण्याची सोय फुकटात झाली. राहिला प्रश्न जेवणाचा, तो आपण सोडवला. पारव्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. या पिल्लांना किडे लागत नाहीत. आई-बाप दोघंही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ त्यांना भरवतात. म्हणजे झाडं असोत-नसोत, किडे असोत-नसोत, दाणा मिळत राहिला की वीण वर्षभर चालू.

चिमणीचं गणित वेगळं आहे. मोठी चिमणी दाणे टिपते हे खरं, पण तिची पिल्लं सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किड्यांवर वाढतात. त्यामुळे गच्चीवर ज्वारीचं पोतं ओतलं तरी त्यातून चिमणीचं एक पिल्लू मोठं होत नाही. त्याला झुडपं लागतात, औषध न फवारलेली. आणि घरटं करायला भोक लागतं. कौलं गेली, फोटोफ्रेमच्या मागच्या जागा गेल्या, आणि दुकानांवर वरपासून खालपर्यंत काच आणि चकचकीत पत्रे चढले. चिमणीनं जायचं कुठं? लाकडी खोका लावायचा असेल तर त्याचं भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे सव्वा इंच. त्यातून चिमणी आत जाते, साळुंकीला जाता येत नाही. खोका फीडरच्या शेजारी मात्र लावू नका. रोज दारात जत्रा भरलेली असेल तर कोण तिथं संसार थाटेल?

खाणं आणि संख्या यांचा संबंध किती सरळ आहे, याचं एक जुनं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराचं आहे. तिथं वर्षानुवर्षं पारवे मारून संख्या कमी करायचा प्रयत्न झाला. मारलेल्यांची जागा नवे घेत. शेवटी १९८८ मध्ये दिशा बदलली. पत्रकं, पोस्टर लावून लोकांना समजावलं की पारव्यांना खाऊ घालू नका, आणि काही ठरावीक ठिकाणी देखरेखीखालची खुराडी उभी केली. चार-एक वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली.

आपल्याकडे हाच विषय २०२५ मध्ये मुंबईत किती पेटला ते तुम्ही पाहिलंच असेल. महापालिकेनं शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायला घेतले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं दाणे टाकणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली आणि जमावानं ती फाडलीसुद्धा. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची भूतदया, दुसऱ्या बाजूला लोकांची फुप्फुसं. पारव्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांची बारीक धूळ सतत श्वासात गेली तर काही लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. यात फुप्फुसाला सूज येते, आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर फुप्फुस कायमचं कडक होऊ शकतं. रूममध्ये कुणाला दमा असेल तर हा मुद्दा वादावादीच्या पलीकडचा आहे. आणि गॅलरीतली घाण झाडायचीच असेल तर कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा, मग काढा.

सुपातून सांडलेलं

‘आमच्या आजीच्या काळी रोज अंगणात दाणे टाकायचे, तेव्हा नाही आल्या घुशी,’ असं कुणी म्हणेल. आजीला नीट विचारा. ती दुकानातून बाजरीचं पाकीट आणून ओतत नव्हती. ती सूप घेऊन धान्य पाखडायची, त्यातून कणी, फोल, किडका दाणा खाली पडायचा आणि तो चिमण्या टिपायच्या. जे काही सांडायचं ते चिमटी-दोन चिमटी, आणि तेही दिवसाउजेडी. पाखडणं संपलं की अंगण झाडून काढायचं. रात्रीसाठी काही उरतच नव्हतं. पितृपक्षातला कावळ्याचा घासही तसाच, एका पानाचा, वर्षातल्या ठरलेल्या दिवसांचा.

आजीच्या या पद्धतीत सगळं शास्त्र आहे. थोडंसं, सकाळी, डोळ्यांसमोर, आणि नंतर झाडू.

थोडंसं म्हणजे किती? एका मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम ज्वारी मावते. चिमणीचं अख्खं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. उंदराला दिवसभराला वीसेक ग्रॅम धान्य पुरतं. म्हणजे तुम्ही ‘मूठभरच तर टाकली’ म्हणता, ती रात्रीपर्यंत पडून राहिली तर दोन उंदरांचं पोटभर जेवण झालं. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. पुढचा हिशेब कॉमर्सवाल्यांनी करावा. आणि उंदीर स्थिरावले की त्यांच्या मागावर धामण येते, कधी नागही. सर्पमित्राला फोन करण्याची वेळ येते तेव्हा फीडरची आठवण कुणालाच राहत नाही. सगळे म्हणतात, ‘साप कुठून आला बुवा?’

तेव्हा मापासाठी चहाचा चमचा घ्या. दोन चमचे बाजरी किंवा तांदळाची कणी, सकाळी सात-साडेसातला. अर्ध्या तासात संपली तर उद्या अजून एक चमचा. उरली तर उद्या एक चमचा कमी. अर्ध्या तासानं ताट आत. ज्यांची सकाळ नऊला होते त्यांनी दाण्याच्या भानगडीत पडूच नये, फक्त पाणी ठेवावं. ते कसं, ते पुढे येईलच.

फीडर टांगून ठेवायचाच असेल तर त्यासाठी एकच नियम सांगायचा झाला तर हा, की रात्री तो आत घ्या. अमेरिकेत अस्वलांच्या प्रदेशात वन्यजीव विभाग लोकांना सांगतात की अस्वलं जागी असतात त्या महिन्यांत अंगणातले फीडर उतरवून ठेवा, कारण बियांनी भरलेला फीडर म्हणजे अस्वलासाठी कमी कष्टात भरपूर कॅलरी. बर्डीत अस्वल नाही. घुशीचं लॉजिक मात्र तेच आहे. उंदीर उभ्या भिंतीवर चढतो, केबलवरून चालतो, जागेवरून दोन-अडीच फूट उंच उडी मारतो आणि बोटाएवढ्या फटीतून आत शिरतो. त्याला अडवणारा फीडर बनवण्यापेक्षा त्याच्या ड्युटीच्या वेळेत फीडर काढून ठेवणं कितीतरी सोपं.

ते बाटली-चमच्याचं डिझाइन दिसायला झकास आहे, पण पक्ष्यानं एक दाणा खाल्ला की चार खाली पडतात. बाटलीखाली एक स्टीलची ताटली तारेनं टांगा, सांडलेलं तीत पडेल. पारवे फार झाले तर हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंच चौकोनाची वेल्डेड जाळी आणा आणि फीडरभोवती वीतभर अंतर सोडून तिचा पिंजरा करा. चिमणी, मुनिया आत शिरतात, पारवा बाहेर बसून चिडचिड करतो. जाळीची कापलेली टोकं आत वळवायला विसरू नका, नाहीतर पक्ष्याचा पाय कापेल. गॅलरीत मांजर येत असेल तर फीडरच्या खाली कुंड्यांची गर्दी नको, मांजर तिथंच दबा धरून बसतं.

आणि काय टाकू नये? शेव, फरसाण, चिवडा, ब्रेड, रात्रीची पोळी-भाजी, मेसच्या डब्यातला उरलेला भात, सकाळच्या तर्री-पोह्यांचा तळ. मीठ आणि तेल पक्ष्यांना झेपत नाही. ब्रेडनं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. आणि खरकटं कुणाला बोलावतं ते सांगायची गरज नाही. चिमणी त्या यादीत सर्वांत शेवटी.

खरकट्यामागून कोण कोण

बर्डीच्या गल्ल्यांत खरकट्यावर पहिला हक्क कुत्र्यांचा. नागपूरच्या काही भागांत डुकरांचा. हा प्रश्न गॅलरीपुरता राहत नाही, कारण कुत्री आणि डुकरं जिथं सहज सापडतात तिथं त्यांच्या मागे कोण येऊ शकतं हे या शहरानं पाहिलंय. २०२१ च्या उन्हाळ्यात आयटी पार्क-गायत्रीनगरच्या बाजूला बिबट्या दिसल्यावर कितीतरी दिवस शहराची झोप उडाली होती आणि चर्चा थेट महाराजबागेपर्यंत आली होती. गोरेवाड्याचं जंगल शहराला चिकटून आहे, नाले शहरातून वाहतात, बिबट्याला तेवढी वाट पुरते. आता तुमच्या दोन चमचे बाजरीनं बिबट्या येणार नाही, इतकं काही घाबरायचं कारण नाही. पण कॅन्टीनच्या मागे रोज ‘प्राण्यांसाठी’ म्हणून ओतली जाणारी बादली ही वेगळी गोष्ट आहे. गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या बाजूचं तुमचं कॉलेज असेल तर आधी ती बादली बघा, फीडर नंतर.

वानरांचंही तेच. सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्सकडे राहणाऱ्यांनी बुलबुलसाठी म्हणून गॅलरीत केळं, पपई ठेवूच नये. वानराची टोळी एकदा आली की तिला तुमचा पत्ता पाठ होतो. मग ती फळ नसलं तरी येते, आणि खिडकी उघडी असली तर आतही येते. मेन बर्डीत, जिथं वानरं नाहीत, तिथं पपईची एक फोड किंवा अर्धं संत्रं चालेल. नागपुरात राहून बुलबुलाला संत्रं नाही द्यायचं तर कुठं द्यायचं! पण दुपारपर्यंत साल उचलायची. नाहीतर मुंग्या, आणि रात्री पुन्हा तेच चार पायांचे पाहुणे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२२ मध्ये कडक आदेश दिला होता. घालायचं तर दत्तक घ्या, घरी न्या, असा त्याचा रोख होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या सक्तीला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खाऊ घाला, पण ठरवून दिलेल्या जागीच, वाटेल त्या रस्त्यावर नाही. कुत्रा आणि चिमणी यांची तुलना नाही करत. पण ‘मी दया करतो, बाकीच्यांनी निस्तरावं’ हे आता कोर्टालाही मान्य नाही, एवढं यातून दिसतं.

तुम्हाला हवा तो पक्षी ज्वारी खात नाही

हे बहुतेकांना माहीत नसतं आणि म्हणून सांगायला मजा येते. तुमच्या गॅलरीत यावेत असे जे देखणे पक्षी आहेत, त्यातले बरेच दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. जांभळ्या चमकेचा, अंगठ्याएवढा शिंजीर फुलातला मध आणि किडे खातो. शिंपी पानं शिवून घरटं करतो, खातो किडे. दयाळ किडे. कोतवाल किडे. तांबट आणि बुलबुल फळं. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा दिसायला कबुतराचाच भाऊ, पण त्याला वड-पिंपळ-उंबराची फळं हवीत. भल्या मोठ्या चोचीचा राखी धनेशही शहरातल्या जुन्या झाडांवर त्याच फळांसाठी येतो. दाणे खाणारे कोण? पारवे, होले, चिमण्या, मुनिया, पोपट. (पोपट आला तर बघा आणि सोडून द्या. पकडून पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.)

म्हणजे शिंजीर हवा असेल तर बाजरीऐवजी दोन कुंड्या आणाव्या लागतील. जास्वंद लावा. अडुळसा लावा, त्याच्या पांढऱ्या फुलांवर शिंजीर वेडा होतो. कर्दळ लावा, पाणी जास्त लागतं पण कुलरचं वाया जाणारं पाणी आहे की. कढीपत्त्याची कुंडी असेल तर तिची काळी फळं तोडू नका, बुलबुल येऊन खाईल. आणि पानांवर अळ्या दिसल्या की लगेच स्प्रे मारू नका. अळी म्हणजेच चिमणीच्या पिल्लाचा डबा.

या कुंड्यांचा सर्वांत मोठा फायदा हा, की घुशीला जास्वंदीत शष्प रस नाही. पारव्यालाही नाही. काकूंचे पापड वाचतात आणि कदाचित जास्वंदीची फुलं रोज सकाळी देवाला म्हणून खाली जाऊ लागतात. मग गॅलरीवरून कुणी ओरडत नाही.

पाणी, तेच खरं

आता नागपूरचा उन्हाळा. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलंय. (३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते, आठवतं? तो सेन्सरचा घोळ निघाला. पण शहरात कुणालाही तो आकडा खोटा वाटला नव्हता, ही गंमत.) पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात, गळ्याची कातडी थरथरवतात आणि श्वासातून पाणी उडवून अंग थंड ठेवतात. म्हणजे ऊन जितकं कडक तितकं अंगातलं पाणी जास्त जातं. दाणा त्यांना इकडंतिकडं मिळतो. पाणी एप्रिल-मेमध्ये बर्डीत कुठं मिळणार?

शिवाय पाणी सगळेच पितात. दाणा खाणारा, किडा खाणारा, फळ खाणारा, सगळे. आणि साध्या पाण्यासाठी कुणी उंदीर बीळ बदलून येत नाही. म्हणून एकच गोष्ट करायची असेल तर पाणी ठेवा.

भांडं पसरट आणि उथळ हवं, मातीचं परळ सर्वांत उत्तम. प्लास्टिक तापतं, गुळगुळीत स्टीलवर पाय घसरतो. पाणी दोन इंचांपेक्षा जास्त नको, मधे एक दगड ठेवा, लहान पक्षी त्यावर बसून पितो. सावलीत ठेवा. आणि रोज बदला. नुसतं वरून भरू नका, ओतून टाका, काथ्यानं आतली कड घासा आणि मग भरा. कारण डेंगीचा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या पातळीजवळच्या ओल्या कडेला चिकटवतो. ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. नागपुरात कुलर हा डासांचा सर्वांत लाडका पत्ता, आपलं जलपात्र त्याची शाखा होऊ नये.

घासण्याचं दुसरं कारण पक्ष्यांच्याच जिवाचं आहे. एका ताटात अनेक पक्षी जेवले की एकाचा आजार सगळ्यांना. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्याची संख्या निम्म्याहून खाली आली. कारण ट्रायकोमोनास नावाचा परजीवी, जो लाळेतून आणि विष्ठेतून पसरतो, आणि फीडरवरच्या गर्दीत त्याला रान मोकळं मिळालं. तिथल्या आरएसपीबी या मोठ्या संस्थेनं २०२५ मध्ये सपाट ट्रेसारख्या फीडरची विक्रीच थांबवली. हाच परजीवी पारव्यांतही सापडतो. म्हणून आठवड्यातून एकदा फीडर आणि भांडं गरम पाण्यानं धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

फुगून बसलेला, डोळे मिटलेला, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी दिसला तर दोन आठवडे खाणं-पाणी बंद ठेवा, म्हणजे पक्षी पांगतील. मेलेला पक्षी, विशेषतः एकाहून जास्त कावळे मेलेले दिसले, तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तपासणीत एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लू निघाला. जानेवारीत उदगीरला कावळे मेले, तिथंही तोच. जखमी पक्षी सापडला तर सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आणि वन विभागाची हेल्पलाइन १९२६. खोक्याला भोकं पाडा, आत कापड घाला, पक्षी ठेवा, अंधार करा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन तो मरतो. संक्रांतीच्या दिवसांत तिथं येणाऱ्या पक्ष्यांत मांजानं कापलेले किती असतात, हे एकदा जाऊन बघाच. गच्चीवरच्या टाकीला, केबलला, झाडाला अडकलेला नायलॉन मांजा मार्चपर्यंत तसाच लटकत असतो. तुमच्या गच्चीवर असेल तर आजच काढा. एखाद्या बर्डीकराला चिमणीसाठी खरंच काही करायचं असेल, तर माझ्या मते हे काम दाण्याच्या वर आहे.

आधी आठ दिवस नुसतं बघा

फीडर बनवायच्या आधी एक आठवडा रोज सकाळी दहा मिनिटं गॅलरीत उभं राहा, मोबाइल खिशात ठेवून. कोण येतं, कुठं बसतं, काय खातं ते वहीत लिहा. निवृत्त वनाधिकारी आणि ‘पक्षीकोश’कार मारुती चितमपल्ली नागपुरात कितीतरी वर्षं राहिले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली गेले ते २०२५ च्या जूनमध्ये. त्यांचं सगळं लेखन अशा बघण्यातून आणि वहीतल्या नोंदींतून आलं. तुमच्या नोंदी ईबर्डवर टाकता येतात, आणि दर फेब्रुवारीत चार दिवस कॉलेजांचा कॅम्पस बर्ड काउंट असतो. यंदाचा हुकला असेल तर पुढच्या वर्षासाठी आत्तापासून डोळे तयार करा.

या यादीवरून तुमचं तुम्हालाच कळेल की गॅलरीला काय हवंय. यादीत नुसते पारवेच असतील तर दाणा अजिबात नको, पाणी आणि कुंड्या पुरे. चिमण्या, मुनिया दिसल्या तर दोन चमचे बाजरी. वानर दिसलं तर फळ बंद. आणि काही करायच्या आधी खालच्या मजल्यावर जाऊन काकूंना सांगून या की वर काय करतोय आणि सांडलं तर झाडणार कोण. परवानगी मागितलेली पोरं लोकांना आवडतात. काका भाडं वाढवतील ते वाढवतीलच, पण निदान कबुतरांच्या नावावर नाही वाढवणार.

शेवटची गोष्ट परीक्षेनंतरची. मे महिन्यात निम्मी बर्डी रिकामी होते, सगळे गावाला जातात. फीडर बंद झाला म्हणून पक्षी उपाशी मरत नाहीत, त्यांच्या ठावठिकाण्यांत तुमची गॅलरी एक असते. पण पाणी ऐन मेमध्ये बंद होणं वाईट, तेव्हा मागे राहणाऱ्या कुणाच्या तरी हाती परळ सोपवा, रोज घासायच्या अटीवर. कुणीच राहणार नसेल तर निघताना दाण्याचा डबा घट्ट झाकणाचा करून आत कपाटात ठेवा, परळ पालथं घाला आणि कुलरची टाकीही पूर्ण रिकामी करून पुसून घ्या.